बिगुलवाल्याची खुर्ची

सेवा क्लबने एकदा एखादी गोष्ट ठरवली की ती चुकीची आहे हे साक्षात ब्रह्मदेवाने खाली उतरून सांगितलं तरी उपयोग नव्हता. ब्रह्मदेवालाही त्यांनी दोन मिनिटं बोलायला दिली असती, टाळ्या वाजवल्या असत्या आणि पुढच्या विषयाला हात घातला असता. मग बिगुलमास्तर कोण लागून गेले? सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेला आणि नंतर गावच्या पंपघरात मोटार चालू-बंद करत केस पिकवलेला साधा माणूस.

क्लब तसा भल्या लोकांचा. रक्तदान, डोळ्यांची तपासणी, बसथांब्यावर बाकं. बाकांवर क्लबचं नाव जरा ठसठशीत होतं, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला जागा तर झाली. वर्षातून एकदा शाळेच्या सभागृहात ते गावातल्या जुन्या सैनिकांचा आणि हुशार विद्यार्थ्यांचा एकाच व्यासपीठावर सत्कार करत. सैनिक पुढे खुर्च्यांवर बसायचे, मुलं त्यांच्या मागे उभी राहायची, आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत लाकडी मानचिन्ह असायचं. शेवटी दिवे मंद करून बिगुल वाजायचा.

घोळ होता तो इथे. पहिल्या वर्षी क्लबचे सचिव पंपघरावर आले होते. सचिवांचं औषधांचं दुकान. गिऱ्हाइकाने मागितलेलं औषध नसलं की "हे घ्या, याच्याहून चांगलं आहे" म्हणायची सवय त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. ते म्हणाले, "मास्तर, ती एक धून असते ना, हळूहळू वर जाणारी, ऐकताना घसा दाटून येतो... ती वाजवायची."

"ती निरोपाची धून आहे," मास्तर म्हणाले. "जवान मेला की वाजवतात."

"पण काय सुंदर आहे हो!"

"सुंदर आहे. पण ज्यांचा सत्कार करताय ते सगळे जिवंत आहेत. मागे तर शाळकरी पोरं उभी असणार."

"लोकांना कुठे कळतंय? डोळ्यांत पाणी आलं म्हणजे काम झालं."

पाणी आलं. अगदी घळाघळा आलं. गणितात पहिल्या आलेल्या पोराची आई पदराने डोळे पुसत होती, आणि तिच्या धडधाकट पोरावर मास्तर मरणाची धून फुंकत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अध्यक्षांनाही सांगून पाहिलं. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षीही हीच वाजवा म्हणाले. झालं, गळ्यात घोंगडं पडलं ते पडलंच.

दुसरा घोळ नियमाचा. एका वर्षी सत्काराची मानकरी मुलगीच कपबशा फिरवताना तिच्या मामाला दिसली. मामा भडकला, भर सभागृहात तोफ डागून गेला. तेव्हापासून क्लबने नियम केला: मानकऱ्याने त्या दिवशी कार्यक्रमाचं कुठलंही काम करायचं नाही. नियम चांगला होता, पण त्यात चिरडले गेले बिगुलमास्तर. त्यांना खुर्चीवर बसवायचं तर वाजवणार कोण? गावातले सगळे जुने सैनिक एकेक करून त्या खुर्चीवर बसून गेले. स्वयंपाकी बसला, शिंपी बसला, जेमतेम भरती होऊन आजारपणाने परत आलेला डेअरीवालासुद्धा बसला. मास्तरांना दरवर्षी एकच उत्तर मिळायचं, "तुमचं काय मास्तर, तुम्ही तर घरचेच."

"घरचेच म्हणे!" त्यांची बायको तव्यावरचं उलटणं जोरात आपटायची. "घरच्याला उपाशी ठेवायचं आणि पाहुण्याला वाढायचं. तुम्ही तोंड उघडून बोलत का नाही?"

"तोंडाला बिगुल असतो ना माझ्या."

"मग फेका तो विहिरीत!"

बिगुल फेकणं एवढं सोपं नव्हतं. मास्तर बँडमध्ये गेले ते काही संगीताच्या वेडाने नव्हे. काकांनी पाहिलं, पोराची छाती दांडगी आहे, शाळेत डोकं काही चालत नाही; नेऊन भरती केलं. तिथल्या उस्तादाने हातात बिगुल दिला. बिगुलाला ना कळ ना भोक. जो सूर काढायचा तो ओठांनी, आणि ओठांना आधार पुढच्या दातांचा. शांततेच्या काळात बँडवाल्यांची चैन असते असं लोक म्हणतात. युद्ध लागलं की बँडवाल्यांची वाद्यं पेटीत जातात आणि हातात स्ट्रेचर येतं, हे लोकांना माहीत नसतं. मास्तरांनी दिवसभर माणसं उचलून आणली होती, आणि त्यांतली जी वाचली नाहीत त्यांच्यासाठी संध्याकाळी धूनही त्यांनीच वाजवली होती. सकाळी ज्याचा पाय धरून "बस, पोचलोच" असं खोटं सांगितलं, संध्याकाळी त्याच्याच उशाशी उभं राहून फुंकायचं. हात थरथरले तर चालतं, पण ओठ थरथरून चालत नाही. उस्तादाने शिकवलेली आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगात भिनली होती. धून चालू असताना जागचं हलायचं नाही, मग पाऊस येवो नाहीतर आभाळ कोसळो.

तेव्हापासून त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला होता. आपण सगळ्यांसाठी वाजवतो. आपल्यासाठी कोण वाजवणार? मेल्यावर म्हणे काही कळत नाही. तसं असेल तर बरंच, पण मग ऐकायला तरी काय मिळणार? आणि इथेच क्लबची चूक त्यांना हळूहळू गोड वाटायला लागली. जिवंत माणसाला स्वतःची निरोपाची धून ऐकवणारी ही जगातली एकमेव खुळी संस्था होती. एकदा, फक्त एकदा, त्या खुर्चीवर बसावं आणि दुसऱ्या कुणीतरी, स्वतःच्या छातीतला श्वास काढून, आपल्यासाठी ती वाजवावी. मानचिन्ह गेलं चुलीत. त्यांना एवढंच हवं होतं, आणि हे त्यांनी बायकोशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

म्हणून त्यांनी शिष्य शोधायला सुरुवात केली. पोरं यायची, दोन दिवस गाल फुगवायची आणि तिसऱ्या दिवशी पसार व्हायची. टिकली ती एकटी प्लंबरची मुलगी. प्लंबर पंपघरातल्या गळतीच्या कामांना यायचा, त्याच्याबरोबर ही यायची. एकदा तिने कोपऱ्यात पडलेला पाइपाचा तुकडा उचलला, तोंडाला लावला आणि असा काही आवाज काढला की मोटार बिघडली समजून मास्तर धावत आले.

"परत काढ बरं तसा," ते म्हणाले.

मग ती शाळा सुटली की प्लंबरच्या गोदामात, नळ आणि पाइपांच्या वाकड्या जोडांच्या ढिगाऱ्यात बसून सराव करायची. पहिलं वर्षभर ते बिगुल वाजवणं नव्हतं, रेडकू हरवलेल्या म्हशीचा टाहो होता. शेजारची बाई खिडकी आपटून बंद करायची. मास्तर उलट्या बादलीवर बसून म्हणायचे, "ओठ आवळू नकोस, श्वास खालून घे. घाई कुणाला आहे? ज्याच्यासाठी वाजवतेस त्याला तर अजिबात नाही." मुलगी खुदकन हसायची, की सूर परत फाटायचा. ती त्यांना आजोबा म्हणायची. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती हाक ऐकली की ते नको तेवढे कडक व्हायचे.

आता दाताची गोष्ट. मास्तरांचा पुढचा वरचा दात हलत होता, आणि ठणकत होता तो असा की रात्री उशी चावायची वेळ यायची. दातांचा डॉक्टर म्हणाला, काढून टाका. मास्तर म्हणाले, काढला तर वाजवणार कशाने? खोट्या दातावर बिगुल टेकत नाही, तो निसटतो. मग लवंग, कोमट पाणी, सचिवांच्याच दुकानातल्या गोळ्या. बायको म्हणायची, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? सहन करा." तो दात म्हणजे त्यांच्या पिंजऱ्याची कडी झाली होती. दात होता तोवर सुटका नव्हती.

या वर्षी मुलगी पूर्ण तयार झाली. गोदामात एका संध्याकाळी तिने धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली, वरच्या सुरावर श्वास जराही हलला नाही. मास्तर बादलीवरून उठलेच नाहीत. पाठ फिरवून नळांकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सचिवांना गाठलं आणि सांगितलं, या वर्षी वाजवायला माणूस आहे. सचिव भले गृहस्थ, त्यांना खरंच आनंद झाला. "मग या वर्षी खुर्ची तुमची, मास्तर! काळ्या दगडावरची रेघ!"

मास्तर तसेच दातांच्या डॉक्टरकडे गेले. दात निघाला. रुमालात बांधून घरी आणला आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, "कार्यक्रम तरी होऊ द्यायचा होता." मास्तर बोळकं दाखवत हसले. इतक्या वर्षांनी त्यांना रात्रभर झोप लागणार होती, शहाणपण ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना सचिव पेढे खाल्ल्यासारख्या चेहऱ्याने घरी आले.

"मास्तर, तुमच्या शिष्येने नाव काढलं! विज्ञानाच्या स्पर्धेत सगळ्या विभागात पहिली! आपल्या मानकऱ्यांत तिचं नाव घातलं. अध्यक्ष म्हणाले, तिच्याशिवाय सत्काराला अर्थच नाही."

मास्तरांना आधी आनंदच झाला. मग त्यांच्या लक्षात आलं.

"आणि बिगुल?"

"तेच तर सांगायला आलो. नियम तुम्हाला माहीत आहे. शिवाय दोन्ही हातांत मानचिन्ह, वर फोटो. तेव्हा या वर्षी तेवढं तुम्हीच सांभाळा, तुमची खुर्ची पुढच्या वर्षी. तिचं वर्ष परत यायचं नाही, मास्तर, तुमचं काय..."

"घरचेच," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडून दाखवलं. सचिवांनी आत डोकावून पाहिलं, आणि औषधवाल्याच्या सवयीने आधी "दुखतंय का?" असं विचारलं. मग त्यांचाही चेहरा पडला.

पुढच्या वर्षाला काही अर्थ नव्हता. मुलगी निकाल लागताच शिकायला दूर जाणार होती. सचिव गेल्यावर मास्तरांनी बिगुल काढला, ओठांना लावला आणि फुंकला. भोकातून वारा यावा तशी नुसती हवा निघाली. दात होते तेव्हा खुर्ची नव्हती, आता खुर्ची दिसत होती तर दात नव्हते. स्वतःच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, त्यामुळे चिडायलाही कुणी उरलं नव्हतं. ते स्वतःवरच दातओठ खात बसले. म्हणजे, जेवढे होते तेवढे.

बातमी मुलीला लागलीच. ती सायकल टाकून धापा टाकत आली.

"आजोबा, मला नको ते लाकूड. मी वाजवणार. सचिवकाकांना सांगून टाका, माझं नाव काढा."

मास्तरांच्या तोंडात 'हो' आलं होतं, अगदी ओठावर आलं होतं. एवढ्या वर्षांची तहान, आणि समोर भांडं धरलेलं.

"तुझ्या बाबांना विचारलंस?" ते म्हणाले.

मुलीने विचारलं नव्हतं.

मास्तर उठून प्लंबरकडे गेले. तो गोदामाच्या दारात बसून ब्रशने नखं घासत होता. त्या नखांतलं काळं वंगण त्याच्या लग्नातही निघालं नव्हतं, असं त्याची बायको चिडवायची. आज तो रक्त यायच्या बेताला घासत होता. आत खिळ्याला नवा शर्ट टांगलेला, अजून दुकानाच्या घड्यांसकट.

"या मास्तर," तो म्हणाला. "स्टेजवर पालकांनाही बोलावतात म्हणे. हात मिळवायला लागतो अध्यक्षांशी. निघेल ना हे?"

"निघेल," मास्तर म्हणाले. "लिंबू लाव."

परत येऊन त्यांनी मुलीला सांगितलं की तू वर उभं राहायचंस, बास, आता वाद नको. ती रडली. ते कडक झाले. कडक झाल्याशिवाय त्यांना जमलंच नसतं.

तोड काढली ती फोटोवाल्याने. हा क्लबचे सगळे कार्यक्रम टिपायचा. तो म्हणाला, "एवढं काय घेऊन बसलात? मागच्या एका वर्षाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. स्पीकरवर लावतो. मास्तरही वर, मुलगीही वर, बिगुलही वाजेल." सचिवांनी त्याला मिठीच मारली. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. मास्तरांचं मत कुणी विचारलं नाही, कारण त्यांचा विरोध कशाला असेल?

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मास्तरांनी जुना गणवेश घातला. कॉलरचं बटण लागत नव्हतं. बायकोने सगळा जोर लावून ते ओढून लावलं, आणि त्यानंतर त्यांना मान फिरवता येईना. व्यासपीठावर खुर्ची मिळाली. जिच्यासाठी एवढी वर्षं घालवली ती खुर्ची शाळेतली साधी लोखंडी होती, एक पाय आखूड. मांडीवर मानचिन्ह ठेवलं, ते दोन्ही हातांनी धरायचं अशी सूचना होती. पाठीमागे मुलगी उभी होती. तिचे वडील पहिल्या रांगेत हात मांड्यांवर उघडे ठेवून बसले होते, नखं स्वच्छ. भाषणं झाली. सचिवांनी मास्तरांबद्दल फार चांगले शब्द काढले आणि सगळे शब्द सैन्यातल्या संगीताबद्दल होते. स्ट्रेचरचा उल्लेख नव्हता. मास्तरांनी तो कधी कुणाला सांगितलाच नव्हता, तर येणार कुठून?

मग दिवे मंद झाले.

स्पीकरच्या काळ्या पेटीतून आधी खरखर आली. मग कुणीतरी खोकलं. मग श्वास आत ओढल्याचा आवाज आला, आणि मास्तरांनी तो ओळखला. स्वतःचा श्वास माणूस कुठेही ओळखतो. त्या श्वासाबरोबर त्यांची छाती आपोआप भरली. सूर निघाला. खुर्चीवर बसून त्यांनी जे ऐकायचं ठरवलं होतं ते हे नव्हतं. वाजवणारेही तेच होते आणि ज्याच्यासाठी वाजवायचं तेही तेच. दुसरं कुणी कुठे नव्हतंच. प्रत्येक सुराच्या आधी त्यांचे ओठ आवळले जात होते, त्यांना थांबवता येत नव्हतं. वरचा सूर जवळ आला तसा त्यांना आठवलं, त्या वर्षी दात ठणकत होता, इथे आपण निसटलो होतो. आणि सूर निसटलाच, एवढासा. पाठीमागे मुलीने श्वास रोखल्याचं त्यांना ऐकू आलं. सगळ्या सभागृहात ते फक्त तिलाच कळलं होतं.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात मानचिन्हात अडकलेले, पुसताही येईना. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला.

टाळ्या झाल्या, हस्तांदोलनं झाली, प्लंबरने अध्यक्षांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. लोक पांगले. मुलगी जाता जाता वाकून कानात म्हणाली, "मी असते तर निसटला नसता, आजोबा."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. गेलेल्या दाताच्या फटीतून 'त' नीट उमटला नाही.

सचिव घाम पुसत आले. आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. "मास्तर, रडलात ना? मी पाहिलं! सगळं सभागृह रडत होतं. अहो, हे आधीच सुचायला हवं होतं. आता काही चिंताच नाही. दात असो नसो, माणूस असो नसो. दरवर्षी हेच लावायचं." त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर प्रेमाने थोपटलं. "आणि वेळ काही कुणाला सांगून येत नाही, पण उद्या तुमचं काही झालंच, तर तेव्हाही दुसऱ्या कुणाचं तोंड बघायला नको. तुमचं तुम्हीच वाजवाल!"

हे ते मनापासून, चांगल्या हेतूने म्हणाले आणि हिशेब चुकता करायला मांडववाल्याकडे गेले.

मजूर खुर्च्या एकात एक घालू लागले. बायको दाराशी दोघांच्या छत्र्या घेऊन उभी होती. "अहो, चला," ती म्हणाली. मास्तर उठले. तेवढ्यात कोपऱ्यात फोटोवाल्याने पेटीची कळ दाबली. पुढच्या वर्षासाठी तो सुरुवातीचा खोकला कापून टाकणार होता, म्हणून नेमकी जागा शोधत होता. खरखर आली, श्वास आला, धून सुरू झाली.

मास्तरांच्या टाचा जुळल्या. हात आपोआप बाजूला सरळ झाले. धून चालू असताना हलायचं नाही.

"आजोबा, जरा बाजूला होता का?" मजूर म्हणाला. "एवढी एकच खुर्ची राहिलीय."

मास्तर हलले नाहीत. सूर वर गेला, निसटायच्या आधीच फोटोवाल्याने तो तोडला. मास्तरांनी दाराकडे एक पाऊल टाकलं. पेटीत पुन्हा त्यांनीच श्वास घेतला, आणि ते पाऊल जिथे होतं तिथेच राहिलं. दाराशी बायकोने छत्र्या खाली ठेवल्या आणि ती वाट बघत पायरीवर बसली.